माशाला तू, बाईला तुम्ही

सलग अकरा शनिवार फोल्कमार हाबेनिश यांनी स्टेशनसमोरच्या पाळीव माशांच्या दुकानात जाऊन मासे पाहिले आणि अकराही शनिवार ते रिकाम्या हाताने घरी परतले. एवढ्या स्थळांना नकार देणारा माणूस आमच्या आल्फेल्ड गावात दुसरा नव्हता.

पहिल्या शनिवारी ते खरोखरच मासे घ्यायला आले होते. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. जो मासा घ्यायचा त्याच्याकडे आधी बघायचंच नाही, त्याचे शेजारी बघायचे, ही त्यांची पद्धत. कोणाच्या अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे आहेत का, कोणी पर आवळून कोपऱ्यात उभा आहे का, कोणी वर येऊन धापा टाकतोय का. त्या दिवशी तिसऱ्या टाकीत झाडामागे एक मेलेला मासा निघाला.

"हा कालपासून इथे पडलाय," हाबेनिशसाहेब म्हणाले. "डोळा गेलाय त्याचा."

माशांचा विभाग सांभाळणाऱ्या गेर्लिंडे क्रोनेबाई कोपरापर्यंत ओले हात घेऊन बाहेर आल्या. साहेब भांडणाच्या तयारीत उभे होते. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. माझी नजर चुकली. आणखी काय दिसलं?"

आणखी काय दिसलं! बायको जाऊन सात वर्षं झाली होती. तेव्हापासून साहेबांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ते वीस मिनिटं बोलले. घरी जाऊन आठवून पाहिलं, तर आदल्या अख्ख्या आठवड्यात सगळं मिळून ते एवढं बोलले नव्हते.

मग दर शनिवारी एक दोष काढणं आलं.

"एकच जाळी तुम्ही सगळीकडे बुडवता. एका टाकीचा आजार वीस टाक्यांना वाटताय."

पुढच्या शनिवारी वीस टाक्यांवर वीस जाळ्या लटकत होत्या.

"माझ्यासमोर खायला घाला बघू. खात नाही तो आजारी समजायचा. आणि यांची पोटं बघा, खपाटीला गेलीत!"

पुढच्या शनिवारी पोटं गरगरीत. नवे मासे आले की आठवडाभर विकायचे नाहीत, अशी पाटीसुद्धा लागली.

आपल्या येण्याची कारणं आपणच संपवत चाललो आहोत, हे साहेबांच्या फार उशिरा लक्षात आलं. त्यात दुकानाचं नाव झालं. हिल्डेसहाइमहून लोक गाड्या काढून येऊ लागले. बाराव्या शनिवारी पाहतात तो रांग! आणि रांगेत सगळ्यांत पुढे ट्योलेआजी. त्यांना टाकीत सोडायला चार गोगलगायी हव्या होत्या आणि घाई मुळीच नव्हती.

नेमकं त्याच दिवशी साहेबांनी 'तू'चा विषय काढायचं ठरवलं होतं. आमच्याकडे जर्मनीत हे काम घराचा नकाशा मंजूर करून घेण्याइतकं किचकट. वीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलेली माणसं एकमेकांना 'तुम्ही' म्हणतच निवृत्त होतात. 'तू' रीतसर देऊ करावं लागतं. एक तर वयाने मोठ्याने लहानाला, नाही तर बाईने पुरुषाला. साहेब वयाने मोठे होते, पण बाई नव्हते. म्हणजे एका नियमाने परवानगी होती आणि दुसऱ्याने नव्हती. तरी आठवडाभर त्यांनी घरच्या टाकीसमोर उभं राहून तालीम केली होती. त्या टाकीत पाणी होतं, झाडं होती, पाणी कोमट ठेवणारी कांडी होती. मासा तेवढा नव्हता.

रांगेमुळे क्रोनेबाई काही दिसेनात. साहेब हिरमुसून सातव्या टाकीपाशी उभे राहिले. मधाच्या रंगाची एक गुरामी मासोळी काचेजवळ आली आणि मिशांसारखे दोन धागे पुढे करून काच चाचपू लागली. साहेबांच्या तोंडून तालमीतलं वाक्य निसटलं.

"तू फार छान आहेस गं. येतेस माझ्याकडे? एकट्याला घर फार मोठं पडतं."

टाकीच्या मागे, पाण्यापलीकडे, हातात जाळी धरून क्रोनेबाई उभ्या होत्या.

अख्ख्या रांगेने माना वळवल्या.

"'तू' म्हणाला!" ट्योलेआजी कुजबुजल्या, पण त्यांची कुजबुज स्टेशनापर्यंत जाते. "सगळ्यांदेखत!"

बाईंचे कान लाल झाले. "मला म्हणालात?"

कोणताही शहाणा माणूस इथे 'हो' म्हणाला असता. पण साहेबांची उभी हयात मोजणीत गेलेली. इंचभर इकडेतिकडे त्यांना जमत नसे.

"नाही," ते म्हणाले. "माशाला."

"माशाला," बाई म्हणाल्या.

"अहो, माशाला तू आणि बाईला तुम्ही?" ट्योलेआजींना राहवेना. "आमचे हे बरे म्हणायचे. बोलत नव्हते, पण माशांशीही बोलत नव्हते!"

बाईंनी गुरामी पकडली, पिशवीत घातली आणि पिशवी साहेबांच्या हातात दिली. "घ्या. पर मोकळे, डोळे स्वच्छ, पोट भरलेलं. शेजारीपाजारीसुद्धा ठणठणीत. आता तरी न्याल?"

साहेबांनी पिशवी उजेडात धरली. रोग सापडावा म्हणून इतक्या आशेने मासा आजवर कोणी तपासला नसेल. एखादा पांढरा दाणा, एखादी फाटकी कड! काही नव्हतं. हा मासा घरी गेला की पुढच्या शनिवारी इथे यायला निमित्त उरणार नव्हतं.

"दोष नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज असा काही पडला की ट्योलेआजीसुद्धा गोगलगायी विसरल्या.

क्रोनेबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मासा पाहावा तसं पाहिलं: डोळे, उतरलेले खांदे, गळ्याभोवती सैल झालेली कॉलर. मग पिशवी परत घेतली.

"नाही देत."

"का?"

"तुम्ही माझ्या वीस टाक्या तपासल्यात. मी तुमची एकही नाही पाहिली. माझा मासा कुठल्या घरी जाणार ते मला नको बघायला? उद्या चार वाजता येते."

"उद्या रविवार आहे."

"मग? कॉफीला माणसं रविवारीच जातात."

रविवारी साहेबांनी टाकीची काच तीनदा पुसली. आलुबुखाऱ्याचा केक केला. तो मधोमध खचला. बाई चारच्या ठोक्याला आल्या, कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि केककडे ढुंकूनही न बघता टाकीसमोर गुडघे टेकून बसल्या. बाटलीत पाणी घेतलं, तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले, रंग पाहिला.

"किती दिवस अशी रिकामी आहे?"

"साडेतीन महिने. पण दर आठवड्याला पाणी बदलतो!"

"तिथेच चुकलंत. नुसतं स्वच्छ पाणी काय कामाचं? त्यात कोणी राहिलेलं लागतं, खाल्लेलं, सांडलेलं. फार दिवस रिकामं राहिलं की पाण्याची सोबतीची सवय मोडते. आज मासा सोडलात तर दोघांनाही सोसायचं नाही."

"मग आता?"

"आता हळूहळू. रोज चिमूटभर खाणं टाकत जा. मी दर आठवड्याला येऊन रंग बघेन."

"किती आठवडे?" साहेबांनी विचारलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांना उत्तर चुकून मोठं यावं असं वाटत होतं.

बाईंनी आकडा सांगितला नाही. त्या काचेला नाक लावून बघत राहिल्या. काचेत त्यांचा चेहरा होता आणि मागे उभ्या असलेल्या साहेबांचाही.

"तू अजून तयार नाहीस," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी परत येईन. चालेल?"

साहेबांनी टाकी वरपासून खालपर्यंत नीट तपासली. पानांमागे पाहिलं, दगडाच्या सांदीत पाहिलं. पाण्यात कोणीसुद्धा नव्हतं. मग त्यांनी घसा खाकरला.

"ये," ते म्हणाले.