घड्याळ चालेल हो!

या श्रोतेहो, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं. आज एका शब्दाची कथा सांगतो. शब्द केवढा? अवघ्या तीन अक्षरांचा! पण त्याने एका भल्या माणसाला पार रडकुंडीला आणलं.

या गृहस्थाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. खाली दुकान, वर बायको-लेकीसह बिऱ्हाड. सारा बाजार त्यांना 'चालेलमामा' म्हणायचा. ग्राहकाने पाण्याने भरलेलं घड्याळ आणलं तरी मामा डोळ्याला भिंग लावून म्हणायचे, "चालेल!" चहा गार झाला? चालेल! शेजाऱ्याने दुकानाच्या दारातच स्कूटर लावली? चालेल! मग मामा खेकड्यासारखे आडवे होऊन स्वतःच्याच दुकानात शिरायचे.

"माझ्या जिभेने आजवर कुणाचं मन दुखावलं नाही!" मामा छाती फुगवून सांगायचे. देवाने वाणी मधासारखी दिली होती खरी, पण तिला कणा द्यायचा राहूनच गेला होता.

एके सकाळी मामा केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून, श्वास रोखून बसलेले. एवढ्यात थोरल्या बहिणीचा फोन आला. मामांनी तो कान आणि खांद्यामध्ये दाबला.

"अरे, आपल्या पोरीला स्थळ आणलंय. माणसं सोन्यासारखी. फक्त लग्नानंतर तिने दुकानात बसायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. चालेल ना?"

मामांच्या कानात शिरलं ते शेवटचंच.

"चालेल!"

"मग रविवारी घेऊन येते त्यांना!"

"चालेल!"

स्प्रिंग जागेवर बसली आणि घर जागेवरून उठलं!

मामांची लेक त्यांच्याच शेजारच्या स्टुलावर बसून काम करायची. खेळण्यांच्या वयापासून घड्याळं खोलत आलेली पोर. हेच दुकान पुढे चालवायचं, हे तिचं ठरलेलं. तिने आत्याला फोन करून चक्क नकार दिला. आत्या म्हणाली, "तुझ्या बापाने शब्द दिलाय. मोडायचा तर त्यानेच मोडावा!"

"बाबा, तुम्ही हो म्हणालात?"

"अगं, मी स्प्रिंगकडे बघत होतो!"

"मग आता माझ्याकडे बघा." लेकीचे डोळे भरून आले. "मला ही हत्यारं खाली ठेवायची नाहीत. एकदा माझ्यासाठी 'नाही' म्हणाल?"

"चालेल," मामा म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

सराव सुरू झाला. मामा आरशापुढे उभे राहून "नाही चालणार!" असं ओरडायचे, आणि लगेच आरशालाच विचारायचे, "रागावलात का?"

रविवार उजाडला. ताई पाहुण्यांना घेऊन आली. मुलगा चहाच्या कपात तोंड खुपसून बसला. त्याच्या वडिलांनी संकोचत मनगटावरचं घड्याळ काढलं. "आमच्या वडिलांची आठवण आहे. बंद पडलंय. जरा बघता?"

मामा भिंग लावून बघू लागले. तेवढ्यात ताई म्हणाली, "मग, पुढची बोलणी करायची ना?"

लेक दाराशी उभी होती. मामांनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि तोफ डागली.

"नाही चालणार!"

मुलाच्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरेरे! वडील गेल्यापासून हे घड्याळ एकही दिवस हातातून काढलं नव्हतं हो!"

म्हातारा माणूस रडतोय म्हटल्यावर मामा लोण्यासारखे वितळले. "अहो नाही, नाही! चालेल की!"

"चालेल?" ताईने टाळी वाजवली. "म्हणजे ठरलं! साखर आणा, साखर!"

लेक आत वळली. तिची ती पाठ मामांनी पाहिली मात्र, ते ताडकन उठले. भिंग डोळ्याला तसंच!

"थांबा! घड्याळ चालेल हो. हे लग्न नाही चालणार! ताई, मी न ऐकताच तुला हो म्हणालो. चूक माझी. माझ्या पोरीचा या कामावर जीव आहे. ते सोडायला तिला मी सांगणार नाही. आणि खरं सांगू? ती शेजारी नसेल तर माझाही हात चालत नाही."

हे शेवटचं त्यांनी लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं. ती दारातच थबकली.

"माझं नाक कापलंस!" ताई म्हणाली. मामांनी तिचे हात धरले. "तू मायेने केलंस गं. मीच मुखदुर्बळ." ताई फुरंगटली, पण हात काही सोडवून घेतले नाहीत.

मुलाच्या वडिलांनी डोळे पुसले. "स्पष्ट बोललात, बरं झालं. पण घड्याळ दुरुस्त कराल ना?"

"मी नाही," मामा म्हणाले. "ही करेल."

पाहुणे गेले. लेक हत्यारं घेऊन बसली. मामांना तर आकाश ठेंगणं झालेलं! तेवढ्यात मामी हळूच म्हणाल्या, "अहो, आज खरंच बोलताय, तर सांगा. माझ्या हातची भाजी कशी असते?"

"खारट!" मामा जोशात म्हणाले.

तेव्हा श्रोतेहो, रोज पानावर बसताना चालेलमामांची आठवण ठेवा. देव त्यांच्या हाताला चव देवो. त्या दिवसापासून स्वयंपाक त्यांच्याकडे आहे, आणि त्यांच्या भाजीबद्दल मायलेकी अगदी स्पष्ट बोलतात!