ओझ्याची चावी

"ओढताना नाय रे पुता, सोडताना हात सोलतत!"

पार्से गावातल्या विहिरीत कळशी सोडताना आई हे म्हणायची. आई गेली, विहिरीवर मोटार बसली, तरी गुरुदासच्या कानात तो आवाज रहाटासारखा कुरकुरत राहिला. अर्थ मात्र कधी लागला नव्हता, कारण त्याचा जन्म ओढण्यातच गेला होता. डिचोलीच्या एका औषध कारखान्यात तो व्हॅक्यूम पंप सांभाळायचा. भांड्यातली हवा ओढून घ्यायची, पण किती आणि कशी, हे कळणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं.

यंदा लेकीची, सिद्धीची, लग्नानंतरची पहिली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. कारापूरला तिच्या सासरी माहेरचं ओझं, म्हणजे फराळाची भेट जाणार, वाड्यावर घरोघरी वाटलं जाणार. भाद्रपदाच्या दमट हवेत त्यातल्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, मऊ पडल्या, तर पोरीला वर्षभर ऐकावं लागणार. म्हणून हवाच काढून टाकायला गुरुदासने जाड स्टीलचं पिंप आणलं, झाकणाला रबर बसवलं, बाजूला व्हॉल्व लावला.

"कारखान्यातलो मोठो पंप आणतलास काय?" बायको विनोदिनीने विचारलं.

"मोठो कशाक? पंप कामाक बघून घेवचो. तेलाचो घेतलो तर नेवऱ्यांक तेलाचो वास मारतलो. आपणाक पडद्याचो कोरडो होयो, लहानसो."

तसा पंप तो कारखान्यात विचारून घेऊन आला. पहिल्यांदा घाईत जोराने हवा ओढली, तर नेवऱ्यांच्या पोटातली हवा बाहेर पडायला धडपडली आणि चार नेवऱ्या फट्ट करून फुटल्या.

"चवथीआधीच फटाके!" विनोदिनीने कपाळावर हात मारला.

मग व्हॉल्व जेमतेम उघडा ठेवून, दाबाच्या काट्यावर नजर रोखून, त्याने तान्ह्याला निजवावं तशी हळूहळू हवा काढली. नेवऱ्या धड राहिल्या. व्हॉल्व बंद केला. वाटेत कोणी पिळू नये म्हणून त्याची चावी उपसून शर्टाच्या खिशात घातली.

टेम्पोतून कारापूरला उतरेपर्यंत पावसाने त्याला ओलाचिंब केलं होतं. सिद्धी धावत आली. "बाबा, शर्ट काढा पयलो, चुलीकडे सुकत घालते." जावई रुद्रेशचा कोरडा शर्ट त्याच्या अंगावर चढला. बाहेर वाड्यावरच्या बायका ताटं घेऊन जमू लागल्या.

"उघडा हो व्याही!" विहीण अनुसयाबाई म्हणाल्या.

गुरुदासने सुकत घातलेल्या शर्टाचा खिसा चाचपला. रिकामा. पिशवी झटकली, छत्री उलटी केली. चावी नाही.

"चावी कित्याक? झाकण न्हय तें?" म्हणत रुद्रेशने झाकणाला हात घातला. शेजारचे दोघे मदतीला आले. एकाने झाकण धरलं, दुसऱ्याने रुद्रेशची कंबर. पिंपच त्यांच्यामागून अंगणभर फिरलं.

"झाकणार आभाळ बसलां," गुरुदास पुटपुटला. "भायली हवा दाबता."

"आमच्या दारात आभाळ बरें बसलें!" अनुसयाबाईंचा आवाज चढला. "व्याह्यांनी ओझें दिलें, पण कोणाक दिसूंक दिवचें न्हय, अशें आसा काय?"

बायका फिस्सकन हसल्या. गुरुदासचा चेहरा उतरला. रुद्रेश पक्कड घेऊन आला, तसा तो पिंपावर आडवाच पडला. "पकडीन नाका! हिसको बसलो तर वारो एकदम आत घुसतलो, नेवऱ्यांचा पीठ होतला!"

त्याने घरी फोन लावला. विनोदिनी म्हणाली, "खिशातच घातललास, मी बघलंय! पंपार इतको जीव, खिशार नाय?"

शोधता शोधता दुपार झाली. गुरुदासची परतीची नेहमीची बस केव्हाच गेली होती. मुलीच्या घरचं जेवायचं नाही, या जुन्या रीतीपायी तो लग्नापासून इथे फक्त चहा पिऊन पळायचा. आज पळणार कुठे?

"उपाशी पोटान चावी सांपडना," अनुसयाबाईंनी पान मांडलं. सिद्धीने भाज्यांचं खतखतं वाढलं, भात वाढला, पुन्हा वाढला आणि बाबांच्या शेजारीच आपलं पान घेऊन बसली. गुरुदास खाली मान घालून जेवला. खतखत्यातल्या तिरफळाचा वास अगदी विनोदिनीच्या हातचा होता.

हात धुऊन तो ओट्यावर आला, तर सिद्धी पिंपापाशी बसलेली. पदराची गाठ सोडून तिने चावी काढली, व्हॉल्ववर बसवली आणि केसभर फिरवली. सूऽऽऽ करत हवा आत जाऊ लागली. तिने घाई केली नाही. आजीने कळशी सोडावी तशी ती हवा सोडत होती. बऱ्याच वेळाने झाकण आपसूक सुटलं. नेवऱ्या कुरकुरीत, एकही मोडलेली नाही.

"चावी तुझ्याकडे?" गुरुदास ओरडला. "सकाळपासून माझी अब्रू वाड्यार टांगलंस, आणि तू गप?"

सिद्धीने नेवऱ्यांचं पहिलं ताट सासूच्या हाती दिलं. मग बापाकडे न बघता म्हणाली,

"पिंप उघडला असता, तर तुम्ही चाय पिऊन गेला असतात. म्हाका तुमच्या वांगडा, एका पंगतीत, जेवूचा होता, बाबा."