एक मोल कापूर, एक दशांशापर्यंत

क्षिप्राने नववी ब समोर उभं राहून जाहीर केलं होतं, की तिचं मोल, म्हणजे रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम, चुकणार नाही. एक दशांशापर्यंतसुद्धा नाही! गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा जिचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे, ती ही मुलगी. राजलक्ष्मी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि सांगितलं, की शनिवारी विज्ञान प्रदर्शनात सगळ्यांसमोर वजन करू. चुकलं, तर दारालगतचं पहिलं टेबल यशराजच्या ज्वालामुखीला.

कामोठ्यातल्या घरी तयारी जोरात सुरू झाली. बाबा मार्केटात मसाल्याच्या गाळ्यावर कामाला. त्यांनी केशर तोलायचा इवलासा काटा आणि कापराच्या वड्यांचं पाकीट आणून दिलं. एक मोल पाणी म्हणजे अठरा ग्रॅम. पाणी उडतं, म्हणून घट्ट झाकण. मीठ साडेअठ्ठावन्न ग्रॅम. मिठाला पाणी सुटतं, म्हणून झाकण. साखर तीनशे बेचाळीस. मुंग्या, म्हणून झाकण. कापूर एकशे बावन्न ग्रॅम. हा तेवढा उघड्या ताटलीत, मनोऱ्यासारखा रचून. स्थायू माणूस, कुठे जातोय?

मंगळवारी संध्याकाळी काटा म्हणाला, १४९.३.

क्षिप्राने काटा पुसला, पुन्हा तोलला. १४९.३. आईने हात लावला नव्हता. बाबा म्हणाले, काटा खोटं बोलत नाही, त्यावर केशर तोलतात. बुधवारी १४६.१. मनोऱ्याची एकही वडी गायब नव्हती. सगळ्या जागच्या जागी होत्या, फक्त जरा बारीक झाल्या होत्या, आजारातून उठल्यासारख्या.

आणि वास! घरात आरती झालेली नव्हती, तरी दिवेलागणीला बंद कपाटातून आरतीचा वास यायला लागला. गणवेशाला वास. उशीला वास. क्षिप्राने वेणी सोडली, तर केसांतूनही कुणीतरी नुकतंच ओवाळून गेल्यासारखा वास. आई म्हणाली, तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा असेल. पण खिडक्या बंद होत्या, आणि हे म्हणताना आईनेही आवाज उगाचच खाली आणला होता.

घाबरलेल्या क्षिप्राने तिला येत होतं तेच केलं, गणित मांडलं. घटलेले पाच पूर्णांक नऊ दशांश ग्रॅम भागिले एकशे बावन्न, गुणिले ॲव्होगॅड्रोचा अंक. जे कुणी येत होतं, त्याने तेवीस कोटी कोटी कोटी रेणू नेले होते. न सांडता. उत्तर इतकं अचूक आलं, की तिच्या अंगावर काटा आला.

तिने ताटलीभोवती रांगोळी भुरभुरली. पाऊल उमटणारच!

गुरुवारी शाळेतून आल्या आल्या तिने पाहिलं. रांगोळी जशीच्या तशी. कापूर आणखी खंगलेला. आणि पांढऱ्या वड्यांच्या मधोमध, तिच्याकडेच रोखून पाहणारे, पाच काळे गोल ठिपके.

ती दारापर्यंत पाठ न फिरवता मागे सरकत गेली आणि भांडी घासायला आलेल्या वेणूबाईंवर जाऊन आदळली. वेणूबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. काही झालं तरी त्यांचा आवाज चढत नाही आणि त्या दिवशी नेमकी त्याचीच भीती वाटत होती.

"मावशी, कापूर कमी होतोय."

"व्हनारच की. उघडा ठिवलास."

"कोण नेतंय?"

"कोन न्हेतंय? आपलं आपन जातंय."

क्षिप्राने ताटलीकडे बोट केलं. "आणि ते... काळं काय आहे त्यात?"

"मिरं हायती. म्याच टाकलं पाच दानं सकाळच्याला." वेणूबाईंनी हात पदराला पुसले. "कापूर हाय त्यो, पोरी. मिऱ्याबिगर उडून जातोय. साळंत शिकवत न्हाईत व्हय?"

शिकवतात. क्षिप्राने आठवीची वही काढली. घटक चाचणी, प्रश्न दुसरा: संप्लवन म्हणजे काय? खाली तिच्याच वळणदार अक्षरात, स्थायूचे द्रव न होता थेट वायूत रूपांतर होणे, उदाहरणार्थ कापूर. दोनपैकी दोन गुण. शेजारी लाल शाईत मॅडमचं 'छान'.

तेवीस कोटी कोटी कोटी रेणू कुणी नेलेच नव्हते. ते तिच्या कपाटात, उशीत आणि वेणीत होते.

शुक्रवारी मिऱ्याचे पाचही दाणे वेचून झाले, नव्या वड्या आल्या, बरणी आली, झाकणही आलं. रिकाम्या बरणीचं वजन झाकणावर लिहिलं, काटा शून्य केला, कापूर भरला. १५२.०. क्षिप्राने बरणी ओट्यावर ठेवली आणि शांत झोपली.

शनिवारी सगळ्या वर्गासमोर मॅडमनी काटा लावला. रिकाम्या बरणीचं वजन वजा केलं आणि उत्तर मोठ्याने वाचलं. "एकशे बावन्न पॉइंट तीन."

वर्ग हसला. क्षिप्राने पुढे होऊन बरणीत वाकून पाहिलं. काचेच्या तळाशी, वड्यांच्या आड, मिऱ्याचे पाच काळे दाणे. शनिवारी सकाळी लवकर भांडी करून गेलेल्या वेणूबाईंनी जाता जाता पोरीची काळजी घेतली होती.

मॅडमनीही पाहिलं. बरणीचं झाकण घट्ट लावलं. मग हलकेच म्हणाल्या, "आमची आई सात टाकायची."

तरी पहिलं टेबल यशराजलाच गेलं. त्याचा ज्वालामुखी अकरा वाजता टेबलाखाली फुटला आणि दोन पालकांच्या चपलांत शिरला. पण त्याने दशांशापर्यंतचा शब्द कुठे दिला होता?