तेरा पानं, सेव्ह न केलेली

"आई, फाइल ही भानगडच मुळात चुकीची आहे!" पोह्यांचा घास तोंडात तसाच ठेवून नीरज म्हणाला. "सगळं एकाच मोठ्या मेमरीत राहायला हवं. लिहिलं की झालं. सेव्ह करा, नाव द्या, मग शोधत बसा, हे कशाला?"

उद्या, सोमवारी, कॉलेजच्या सेमिनारमध्ये तो हेच सांगणार होता आणि शेवटच्या वर्षाचे मार्क त्यावरच होते. गडी भलताच तत्त्वाचा! फाइल नको म्हणणारा माणूस स्वतःचा निबंध सेव्ह कसा करेल? शुक्रवारपासून त्याने सेव्ह केलंच नव्हतं. तेरा पानं नुसती मेमरीत, आणि मीरा रोडच्या त्या दोन खोल्यांत कम्प्युटर तीन दिवस अखंड चालू.

आता फाइलवाचून चालेल हो, पण विजेवाचून? लाईट जरा लुकलुकली की नीरज ओरडत मशीनकडे धावायचा. मिक्सर बंद, इस्त्री बंद. आईने, म्हणजे हंसाबाईंनी, चटणी पाट्यावर वाटली आणि भाईंदरच्या लग्नाला न्यायची साडी गादीखाली दाबून ठेवली.

"मी लग्नाला येत नाही, मशीनपाशी थांबतोय," नीरज म्हणाला.

"मावशीच्या घरचं कार्य आहे. गुपचूप आंघोळीला जा."

तो गेला. अंगाला साबण लावला आणि बाथरूममध्ये काळोख झाला. फेसासकट, टॉवेल सावरत तो बाहेर धावला.

"लाईट गेली?"

"जातेय कुठे! मी मेन स्विच बंद केला. बाहेर पडताना मेन स्विच आणि गॅस बंद करायचा, हे काय आज नवीन आहे?"

नीरजने मशीनकडे पाहिलं; पडदा काळा. तीन दिवसांची मेहनत, वर्षाचे मार्क! त्याला रडूच फुटलं. "आई, संपलो गं मी."

"चल, काहीतरीच! बँकेत सहा वर्षं कम्प्युटरवरच बसतेय मी. सेव्ह केल्याशिवाय मशीन बंद करायला माझा हात धजत नाही."

"म्हणजे... तू फाइल केलीस?"

"मग काय लोणचं घातलं? फ्लॉपीवरपण घेतलीय."

"नाव काय दिलंस?"

"तीन दिवस जे सोसलं तेच. 'कटकट'."

सोमवारी सेमिनारमध्ये नीरज फाइलींवर असा काही तुटून पडला की सर खूश झाले, पोरांनी बाकं वाजवली. बोलताना त्याचा हात मात्र सारखा शर्टाच्या खिशाकडे जात होता. 'कटकट' तिथे होती. दुसरी बॅगेत होती, आणि तिसरी घरी, आईच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्यात.