मागच्या अंगणातलं अश्मयुग

मी कचेरीत दिवसभर टपालावर शिक्के मारतो. त्यामुळे ठोकाठोकीत आपला हात बसलेला आहे अशा समजुतीनं मी संग्रहालयाच्या रविवारच्या वर्गात नाव घातलं. विषय होता, दगड फोडून हातानं बाणाची टोकं तयार करणं.

"घरातला गळका नळ दुरुस्त करायला शिकवतात का तिथे?" बायकोनं विचारलं.

"तो काळ नळाच्या आधीचा आहे," मी म्हणालो. (मला वाटलं, मी जिंकलो.)

वर्ग घेणारे सर किडकिडीत आणि अत्यंत शांत होते. मांडीवर चामड्याचा तुकडा, डोळ्यांवर चष्मा, डाव्या हातात चकमकीचा दगड, उजव्या हातात गोल गोटा. दगडाच्या अगदी कडेवर, तिरपा घाव घालायचा. म्हणजे खालच्या बाजूनं पातळ कपची सुटते. त्यांनी घाव घातला आणि पानासारखी कपची सुटली. मी घाव घातला आणि अंगठ्याचं नख सुटलं.

"कडेवर मारा," सर म्हणाले. "तुम्ही मध्यभागी मारताय."

"कडेवरच मारतोय."

"तुमचा अंगठा मध्यभागी होता."

कोपऱ्यात बसून मी पट्टी बांधून घेत असताना सर बाकीच्यांना काहीतरी महत्त्वाचं सांगत होते. ते मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर मी घरी बाल्कनीत सराव सुरू केला. दगड फुटायचे. नुसते फुटायचे. टोक म्हणता येईल असं त्यातून काही निघत नव्हतं, पण कपच्या मात्र ब्लेडला लाजवतील अशा. एक बायकोच्या चपलेत निघाली, एक उशीच्या अभ्र्यात. त्या दिवशी बायकोनं सगळा ढिगारा केरसुणीनं गोळा करून बादलीत भरला.

"कचऱ्यात टाकायचा नाही. कचरा नेणाऱ्याचा हात कापेल. नीट पुरून या."

मी इमारतीच्या मागच्या अंगणात गेलो, कुदळीनं खड्डा खणला. मध्ये एक कडक मूळ लागलं. त्यावर जोर काढला, बादली उपडी केली, माती लोटली आणि समाधानानं घरी आलो.

आठवड्याभरात सगळ्या इमारतीचं पाणी गेलं. मागच्या अंगणात चिखल झाला होता. प्लंबर आला, खणायला लागला आणि थांबला. त्याच्या फावड्यात चकाकणाऱ्या कपच्या होत्या.

तळमजल्यावर इतिहासाचे निवृत्त मास्तर राहतात. ते बनियनवरच धावत आले. एक कपची उन्हात धरली आणि त्यांचा आवाज कापरा झाला.

"थांबा! कुणी काही हलवू नका! इथं आदिमानव राहत होता!"

"भाडेकरू म्हणून?" प्लंबरनं विचारलं.

मास्तरांनी खड्ड्याभोवती दोरी बांधली आणि संग्रहालयाला फोन लावला. काम बंद. वरच्या मजल्यावरच्या बाई डोक्याला शाम्पू लावलेल्या अवस्थेत खाली आल्या.

"आदिमानव नंतर बघा हो! माझे डोळे चुरचुरताहेत!"

"बाई, वीस हजार वर्षं तो वाट बघतोय," मास्तर म्हणाले. "तुम्हाला तासभर थांबवत नाही?"

बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "सांगा त्यांना."

मी घसा खाकरला. पण मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. (इमारतीत तेवढंच शिल्लक होतं.) चाळीस वर्षं त्यांनी मुलांना अश्मयुग शिकवलं होतं आणि आज ते त्यांच्या दारी आलं होतं. मी दोरीची सैल झालेली गाठ घट्ट करून दिली.

तेवढ्यात संग्रहालयातून माणूस आला. तेच किडकिडीत सर! मी चटकन शाम्पूवाल्या बाईंच्या मागे सरकलो.

सर उकिडवे बसले. एक कपची पाहिली. दुसरी पाहिली. पाचव्या कपचीला त्यांनी सुस्कारा सोडला.

"किती जुनं असेल?" मास्तरांनी श्वास रोखून विचारलं.

"हा माणूस शिकाऊ होता," सर म्हणाले. "प्रत्येक घाव मध्यभागी. एकदा चूक, दहादा तीच चूक. मुलंसुद्धा तिसऱ्या घावाला सुधारतात." मग त्यांनी मान वर केली. "या इमारतीत अंगठ्याला पट्टी बांधलेले एक गृहस्थ राहतात का?"

शाम्पूवाल्या बाई बाजूला झाल्या.

"पुरताना वर आजचं एखादं नाणं ठेवावं, म्हणजे पुढं कुणी फसत नाही, हे मी वर्गात सांगितलं होतं," सर मला म्हणाले.

"तेव्हा मी पट्टी बांधत होतो."

प्लंबर खड्ड्यातून ओरडला, "आणि पाइपावर कुदळीचा घाव आहे!"

"तोही मध्यभागी?" सरांनी विचारलं.

"अगदी बरोब्बर मध्यभागी."

हातातली कपची मास्तरांनी हळूच खड्ड्यात ठेवली, बांधलेली दोरी स्वतःच सोडली आणि घरात गेले. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर ते म्हणाले, "अहो, अर्धा तास का होईना, मी शोध लावला होता." आणि मला चहा दिला. पाणी आलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात सरांचा फोन आला. नवी तुकडी सुरू होत होती, आणि मी जरूर यावं अशी त्यांची इच्छा होती. मला भरून आलं. मी बायकोला हातानं खूण केली, की बघ.

"म्हणजे सर, माझ्यात सुधारणेला वाव दिसतोय तर?"

"नाही, नाही," सर शांतपणे म्हणाले. "तुम्ही फक्त पहिल्या रांगेत बसून दगड फोडा. नवी मंडळी फार लवकर निराश होतात हो. तुमच्याकडे बघून त्यांना धीर येईल."