शंभराव्या पतंगाचा निवाडा

पूर्वी थोरामोठ्यांनी गड घेतले, ठाणी बसविली, त्यांच्या हकिकती लिहिणारे उदंड जाहले. परंतु रानातील पतंग, जे दिव्यावर झेप घेऊन आपण होऊन कैद होतात, त्यांजवर सोलापुराहून मोहीम निघाली आणि फत्ते होऊन परतली, तिची दोन ओळींची याद कोणी ठेविली नाही. सबब खरे-खोटे निवडून ही लिहिली असे.

सोलापूर शहरी संघपालराव बनसोडे, प्राणिशास्त्राचे संशोधक, मातोश्री मीनाबाईसाहेबांचे एकुलते एक चिरंजीव. मातोश्रींनी विड्या वळून घर चालविले आणि लेकास शिकविले. संघपालरावांस गुरुवर्य बापूसाहेबांची आज्ञा जाहली की, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील दाट रानात जावे, पतंग किती तऱ्हेचे ते पाहावे, प्रजातीवार लावावे आणि पेटी हुजूर दाखल करावी. त्यावर पदवीचा फैसला होईल. मग वनखात्याचा परवाना घेतला, दिवे, पेट्या आणि टाचण्यांचा सरंजाम बांधिला आणि सांगोल्याचे सिदूमामा, मेंढरे हाकता हाकता जीप हाकू लागलेले मातब्बर गृहस्थ, त्यांस सारथ्यावर तैनात केले. पतंग धरावयास अमावास्येसारखा मुहूर्त नाही, कारण चंद्र नसला की दिव्याचा अंमल वाढतो. हे ऐकून सिदूमामांचा चेहरा उतरला, परंतु शब्द देऊन बसले होते, सबब निघाले.

टेंभुर्णीस चहा घेऊन मजल दरमजल घाटमाथा गाठिला, छावणी पडली, आणि तेथे ध्यानी आले की, दिव्यामागे ताणावयाचा पांढरा पडदा घरीच राहिला. मग पांघरावयाची सोलापुरी चादर ताणिली; तो तिजवर मोर आणि वेली इतक्या दाट की पतंग येऊन बसे आणि नक्षीत गडप होई, आणि संघपालराव मोरांवरच झडप घालीत. शेवटी सिदूमामांनी कमरेचे शुभ्र धोतर सोडून मोहिमेकामी अर्पण केले आणि आपण घोंगडी गुंडाळून अकरा रात्री जीपमध्ये बसून राहिले. त्या धोतरावर पतंगांची तुंबळ गर्दी लोटली. सातशे बारा हस्तगत जाहले. आपलेकडील नुकसान, धोतर एक.

घरी आल्यावर खरी लढाई लागली. दीड खोलीच्या घरात पतंग टाचणीवर चढविले, पंख पसरिले, ग्रंथ उघडिले आणि दोन महिने रंग, ठिपके, मोजमाप ताडून प्रजाती लाविल्या, त्या नव्याण्णव भरल्या. शंभरावी मात्र कोणत्याच ग्रंथात सापडेना. रंगाने राखी, अंगाने थोराड, पंखावर एक ठिपका नाही. बापूसाहेबांनी फोटो पाहून नवीनच दिसते म्हणून कौल दिला. आणि नव्या प्रजातीस नाव देण्याचा मान शोधणाराचा. संघपालरावांनी नाव आधीच मुक्रर केले होते, 'मीनाई'. मातोश्रींस सांगितले नव्हते. छापून आले की कागदच हाती ठेवावा, ऐसी मसलत. आईचे नाव जगाच्या दफ्तरी लागावे, यापुढे त्यांस पदवीचीही मातब्बरी वाटत नव्हती.

पेटी रवाना होण्याच्या आदल्या दुपारी मातोश्री विडीची पाने कातरता कातरता पेटीजवळ सरकल्या, चष्मा पुसून न्याहाळू लागल्या, आणि सत्तेचाळिसाव्या रकान्यातील पिवळ्या ठिपक्यांच्या पतंगाकडे बोट करून मग शंभराव्याकडे केले.

"ही दोगं एकच हायती की रं. जोडा हाय ह्यो."

संघपालरावांनी रंगाचा भेद दाखविला, अंगाचा दाखविला, बापूसाहेबांचा हवाला दिला. मातोश्रींनी मांडीवरले एक पान उजेडाकडे धरिले.

"रंगावर जाऊ नगं. पान वाळलं की रंग बदलतोय, शिरा बदलत न्हाईत. शिरा बघ."

चाळीस वर्षे पानाची शीर पाहून कातर चालविलेला हात तो, त्यास नाही कोण म्हणणार. संघपालरावांनी भिंग लाविले, पंखाच्या शिरा मोजिल्या, फाटा कोठे फुटतो ते ताडिले, मग मिशा आणि पोट तपासिले. एक नर, दुसरी मादी, आणि प्रजाती शंभर वर्षांपासून ग्रंथी दाखल, चित्र मात्र एकट्या नराचे.

ही गोष्ट त्या खोलीबाहेर कोणास ठाऊक नव्हती. गप्प राहावे तर आईचे नाव छापून येते. बोलावे तर आईच्या बोटाने आईचेच नाव पुसले जाते. फार वाईट वाटले. भाकरी पुढ्यात आली, ती तशीच राहिली. शेवटी राहवेना, तेव्हा सर्व कबूल केले, ठरविलेल्या नावासुद्धा.

मातोश्रींची कातर थांबली.

"खोट्या पाखरावर माझं नाव नगं, बाळा," म्हणाल्या, आणि पुढले पान उचलले.

मग शंभरावी प्रजाती बरखास्त जाहली, राखी मादी सत्तेचाळिसाव्या रकान्यात नराशेजारी बसविली आणि पेटी रवाना जाहली. बापूसाहेबांनी स्वतः शिरा ताडून आपला कौल मागे घेतला आणि यादी मंजूर केली. प्रत्येक पतंगाच्या टाचणीखाली चिठ्ठी टोचावी आणि तिजवर ओळख पटविणाराचे नाव घालावे, हा या विद्येचा शिरस्ता. त्याअन्वये दफ्तरी कायम जाहले ते येणेप्रमाणे. एकंदर प्रजाती नव्याण्णव, मोहीम फत्ते. पैकी अठ्ठ्याण्णव, ओळख पटविणार संघपाल बनसोडे. रकाना सत्तेचाळीस, नर व मादी, ओळख पटविणार मीनाबाई बनसोडे, विडी कामगार, सोलापूर.