स्टूल हलत नाही

स्टूल हलत नव्हतं. तक्रार एवढीच होती.

रहिवासी मंडळाच्या चिटणिसांनी ते आधी एका हातानं हलवून पाहिलं, मग दोन्ही हातांनी. मग चष्मा कपाळावर सरकवून ते खाली वाकले आणि चारही पायांच्या तळाशी डोकावून आले, जणू तिथे कोणी लपून स्टूल धरून बसलंय. कोणी नव्हतं. स्टूल पाय रोवून स्वयंपाकघराच्या मधोमध उभं होतं आणि झाल्या प्रकाराचा त्याला जराही पश्चात्ताप झालेला दिसत नव्हता.

"कुठल्या दुकानातलं?" चिटणिसांनी विचारलं.

"दुकानातलं नाही, काका. मी केलंय," खुडबुडी म्हणाली.

खुडबुडी हे काही तिचं शाळेच्या हजेरीतलं नाव नव्हे. घड्याळ, कडी, टॉर्च, जे हाती लागेल ते उघडून बसायची, म्हणून आत्यानं तिला ते लहानपणीच चिकटवलं होतं. आता दहावीला आली तरी सुटलं नव्हतं. ना नाव, ना सवय.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नर्स म्हणून तिनं सगळं आयुष्य उभ्यानं काढलं, आणि निवृत्त झाल्यावर 'आता जरा बसते' म्हणाली तेव्हा गुडघ्यांनी हात वर केले. जमिनीवर बसली तर उठवायला माणसं लागायची. खुर्चीवर बसली तर पाय लोंबकळायचे आणि मांडीवरचे मटार खोलीभर पळायचे. तिच्या मापाचं बसायला घरात काहीच नव्हतं. मग ती ओट्याला टेकून उभी राहायची आणि "मी बरी आहे गं" म्हणायची. तिच्या त्या 'बरी आहे'नं कोणालाच बरं वाटायचं नाही.

म्हणून खुडबुडीनं मोडक्या खाटेच्या फळ्या काढल्या. आत्याला जिन्यात बसवून टेपनं तिच्या गुडघ्यापर्यंतची उंची मोजली. करवत चालवताना जीभ बाहेर आली, भुसा केसांत गेला, एकदा अंगठा हातोडीखाली आला आणि ती शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं किंचाळली. तरी असली मजा तिला आयुष्यात कशात आली नव्हती. शेवटी सपाट फरशीवर स्टूल ठेवून, पेन्सिल एका ठोकळ्यावर टेकवून, चारही पायांभोवती एकाच उंचीची रेघ मारली आणि त्या रेघेवर पाय कापले. वर गोटी ठेवली. गोटी जागची हलेना. खुडबुडी नाचली.

ते नाचणं घाईचं झालं, कारण मंडळाचा 'घरोघरी हस्तकला-आनंद उपक्रम' तेव्हाच सुरू झाला होता.

झालं असं, की मंडळाचे अध्यक्ष मनःशांतीवरचं एक व्याख्यान ऐकून आले. स्वतःच्या हातांनी साधीसुधी वस्तू केल्यानं माणूस आनंदी होतो, असं तिथे सांगितलं. अध्यक्षांना हे इतकं पटलं, की त्यांनी लगेच ते सक्तीचं केलं. प्रत्येक घरानं एक वस्तू हातानं करावी, करताना आनंद घ्यावा, आणि दोन्हींची तपासणी करून घ्यावी. जे कुटुंब आनंदात नापास होईल, त्याला दर रविवारी गच्चीवर आनंद-वर्गाला बसवण्यात येईल. तिथे भर उन्हात कागदाची फुलं करत.

"बाळे, खोटं बोलू नये," चिटणीस मायेनं म्हणाले. "हातानं केलेली वस्तू मी ओळखतो. हातानं केलेल्या वस्तूत हस्तस्पर्शजन्य असमानता असते. म्हणजे ती हलते. हे हलत नाही."

"हलू नये म्हणूनच तर एवढी मेहनत घेतली!"

"तीच तर शंका आहे."

"अहो, बसायचं आहे मला त्यावर," आत्या ओट्याजवळून म्हणाली. "हलणारं हवं असतं तर घोड्यावर बसले असते."

चिटणिसांनी दुर्लक्ष केलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचा दाखला दिला. काकूंचा दिवा पहिल्याच फेरीत पास झाला होता. काय दिवा होता! एका अंगानं कललेला, डिंकाचे ओघळ आलेले, कागद मुद्दाम फाटलेला. काकूंनी तो मोठ्या दुकानातल्या 'हातानं केल्यासारखं' विभागातून आणला होता. तिथे एकाच आकाराचे, एकाच कोनात कललेले असे दिवे रांगेनं मांडलेले असतात. हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. पण दिवा कललेला होता आणि प्रश्न तिथेच मिटला.

"सदर वस्तू संशयास्पदरीत्या स्थिर आढळल्यानं पडताळणीसाठी ताब्यात घेत आहोत," चिटणीस म्हणाले आणि स्टूल काखेत मारून जिना उतरले.

बाबांनी त्यांच्यासाठी दार उघडून धरलं. बाबा कचेरीत आवक-जावक बघायचे. जावक झालेली वस्तू परत आलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे त्यांना धक्का वगैरे बसला नाही.

खुडबुडी मात्र अशी ऐकणारी नव्हती. खाटेच्या फळ्या होत्याच. तिनं दुसरं स्टूल करायला घेतलं आणि मंडळाला सांगून टाकलं, की या वेळी समोर बसून बघा. मंडळानं खजिनदारांना पाठवलं. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि तिच्या हातांऐवजी तोंडाकडे बघू लागले.

"आनंद घेते आहेस ना?"

"हं," खुडबुडी म्हणाली. तोंडात स्क्रू होते.

"दिसत नाही. कपाळाला आठ्या आहेत."

"भोक सरळ पाडायचंय, काका. लक्ष द्यावं लागतं."

"लक्ष नंतर दे. आधी हास. हसल्याशिवाय मला आनंद धरता येत नाही."

खुडबुडी हसली. स्क्रू तोंडातून सुटून गॅलरीतून खाली गेले. ती धावत जाऊन ते वेचून आली, धापा टाकत पुन्हा हसली, आणि खजिनदारांनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत गालांना रग लागली, पण स्टूल झालं. खजिनदारांनी ते हलवलं. हललं नाही.

आता खरा पेच होता. वस्तू हातानं केलेली आहे हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण वस्तू हलत नव्हती, म्हणजे ती हातानं केलेली असणं शक्य नव्हतं. खजिनदार विचार करकरून थकले आणि थकल्यामुळे त्याच स्टुलावर बसले. पाठ सैल सोडली, पाय लांब केले. मग त्यांनी सावकाश निर्णय दिला, की त्या अर्थी आपल्या पाहण्यातच दोष असावा. वस्तू अधिक निरीक्षणासाठी घरी न्यावी लागेल.

"काका, राहू द्या ना, आत्याला…"

"तुझ्याच भल्यासाठी, बाळे," म्हणत त्यांनी ते स्वतः उचललं. तिला हातसुद्धा लावू दिला नाही, इतके ते सज्जन.

एव्हाना इमारतीनं धसका घेतला होता. उगाच भानगड नको म्हणून लोक घरातल्या धड वस्तूंचे पाय कापू लागले. एका घरातलं जेवणाचं टेबल असं उतरतं झालं, की वरच्या टोकाला वाढलेलं खालच्या टोकाचा माणूस जेवायचा. कोणी कपांचे कान उडवले. कोणी भिंतीवरची चित्रं वाकडी करून पाहुण्यांना "आम्हीच लावली" म्हणून सांगू लागलं. आणि तळमजल्यावर राहणाऱ्या सुतारानं स्वतःच्या हातानं केलेलं कपाट दाखवलं, तर त्याला थेट आनंद-वर्गात टाकलं. तो बिचारा रविवारी उन्हात कागदाची फुलं करायचा. तीही सरळ यायची, म्हणून पुन्हा नापास व्हायचा.

आपल्या पहिल्या स्टुलाचं काय झालं हे विचारायला खुडबुडी चिटणिसांकडे गेली. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. आत चिटणीस गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसले होते. स्टुलावर.

"पडताळणी चालू आहे," ते उठायची तसदी न घेता म्हणाले.

"अजून किती चालेल?"

"वस्तू सहकार्य करत नाही गं. रोज बसून बघतो. हलतच नाही."

त्यांची बायको खुडबुडीच्या कानाशी आली. "ते एक यांनाच लागतं दिवसभर. मला एक संशयास्पद करून देशील का? उंची जरा कमी ठेव."

खुडबुडी घरी आली ती फणफणत. आत्या ओट्याला टेकून उभी होती, एकदा या पायावर, एकदा त्या. तिसरं स्टूल त्या आठवड्यात अध्यक्षांनी जातीनं येऊन नेलं होतं. 'प्रकरण गंभीर आहे, वरच्या पातळीवर बघायला हवं,' असं म्हणून.

"मी काय म्हणतो," बाबांनी घसा खाकरला. "एक पाय जरासा घासला, तर कोणाचं काय जातं?"

"आत्याचं जातं, बाबा! पडेल ना ती!"

"तसं नव्हे. तपासणीपुरतं. पुढच्या रविवारी आपला नंबर आहे वर्गाला. कचेरीतल्या लोकांनी मला गच्चीवर फुलं करताना पाहिलं तर…"

"अरे बाळ," आत्या म्हणाली. घरात बाबांना बाळ म्हणायची हिंमत फक्त तिची होती. "तू लहानपणी वर्गात उभं राहायला लागू नये म्हणून दुसऱ्याचं उत्तर लिहायचास. निदान तेव्हा बसायला बाक तरी होता."

बाबा पेपरात शिरले. पण खुडबुडीच्या डोक्यात प्रकाश पडला. तपासणीपुरतं! स्टूल वाकडं करायचं, पास करून घ्यायचं आणि मंडळ गेलं की पायाखाली लाकडाची चकती ठोकून सरळ करायचं. चकती तिनं आधीच कापून ठेवली. मग शेवटच्या फळ्या घेऊन स्टूल केलं आणि एक पाय डोळे मिटून कापला. उघड्या डोळ्यांनी तिला ते जमलंच नसतं.

रविवारी सगळं मंडळ आलं. चिटणिसांनी एक बोट लावलं आणि स्टूल असं डुगडुगलं, की वरची गोटी टणटणत मोरीत गेली.

"वा!" चिटणीस म्हणाले.

"ओघळ पण आहेत डिंकाचे," खजिनदार म्हणाले.

"आता कशी वस्तूतून मुलीची माया दिसते," अध्यक्ष स्टूल कुरवाळत म्हणाले. "पहिल्यापासून असं मन लावून केलं असतंस तर?"

खालच्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी सगळ्यांशी हात मिळवले. खुडबुडीनं पाठीमागे मुठीत चकती घट्ट धरली होती आणि ती मनातल्या मनात मोजत होती, की आता निघतील, आता निघतील, आता चपला घालतील.

"अशी वस्तू एका घरात ठेवणं म्हणजे इतरांवर अन्याय," अध्यक्ष म्हणाले.

खुडबुडीची मूठ सैल पडली.

स्टूल त्याच दिवशी खालच्या प्रवेशद्वाराशी गेलं. त्याच्याभोवती दोरी बांधली, वर काचेची पेटी बसवली आणि शेजारी पाटी लावली: 'आदर्श हस्तकला. कृपया बसू नये.' येणारेजाणारे थांबून बघू लागले. मुलांना उचलून दाखवू लागले. "बघ, ताईनं आत्यासाठी केलंय," असं म्हणताना पुष्कळांचे डोळे पाणावत. त्यातल्या काहींनी तर आत्याला मुद्दाम खाली बोलावून नेलं आणि स्टुलाशेजारी उभं करून तिचे फोटो काढले. फोटो छान आले. फक्त प्रत्येकाला हवा होता, म्हणून आत्याला बराच वेळ उभं राहावं लागलं.

वर आल्यावर ती ओट्याला टेकली. गुडघे सुजले होते. खुडबुडी तिच्याकडे न बघता मटार सोलत होती, आणि दाण्यांपेक्षा सालंच जास्त भांड्यात पडत होती.

"रडतेस काय, वेडे?"

"फळ्या संपल्या, आत्या. चार स्टुलं केली. तुला एक नाही."

"चार जणांची सोय झाली म्हण."

"त्यातलं एक तर पेटीत आहे!"

"मग तिघांची," आत्या म्हणाली. तिला हसू आलं, पण गुडघ्यातून कळ आली आणि ते अर्ध्यावरच राहिलं.

मंडळानं वर्षअखेरीच्या सभेत उपक्रम अत्यंत यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार यांनी हातानं वस्तू करण्याच्या आनंदावर सविस्तर भाषणं केली. तिघेही शेवटपर्यंत ताठ आणि स्वस्थ बसले होते. श्रोत्यांच्या खुर्च्या मात्र डुगडुगत होत्या, त्यामुळे प्रत्येक वाक्याला सगळ्यांच्या माना आपोआप डोलत होत्या, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

हे सगळं तुम्ही हसत वाचलं असेल, आणि बहुतेक बसूनच वाचलं असेल. तर आता एक करा. बूड न उचलता जरा डावीउजवीकडे झुलून बघा. ज्यावर बसलात ते हलत असेल, तर तुमचं अभिनंदन. हलत नसेल, तर ते कोणाच्या आत्यासाठी केलेलं होतं, तेवढं विचारून या. घाई नाही. ती उभीच आहे.